गाडी ठीक होती

काल्हेरकडून पूर्ण्याला जाताना डाव्या हाताला प्रितेशच्या गोदामाचं फाटक लागतं. त्या फाटकासमोर देवेशनं ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला आणि गाडीच्या सायलेन्सरातून तीन बार निघाले. ठो, ठो, आणि किंचित थांबून तिसरा, पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा. रस्त्याकडेच्या तिवरांच्या झाडीतले बगळे उडाले. शेजारच्या सीटवर रामनाथ मिस्त्री मान तिरकी करून ऐकत होता. खरं सांगायचं तर तो खूश झाला होता. "बघ, म्हणशील तिथे वाजवून दिली," असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात चौथा बार झाला. तो गाडीचा नव्हता.

गाडी उघड्या टपाची, विलायती, दोन माणसांची. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे देवेश फाटकाच्या बाजूला. बंदुकीतले छर्रे त्याच्या गालात, जबड्यात आणि डाव्या डोळ्यात शिरले. रामनाथच्या शर्टावर गरम काहीतरी उडालं, आणि ते रक्त आहे हे कळायलाही त्याला एक क्षण लागला. देवेशचे हात सुटले. गाडी तिरपी होत मोरीच्या कठड्यावर घासली. रामनाथनं हँडब्रेक खेचला. पाचवा बार झाला आणि पुढची काच फुटून दोघांच्या मांडीवर आली.

फाटकात वॉचमन विठू उभा होता. दुनळी बंदूक मोडून तो नवी काडतुसं भरू पाहत होता, पण एक काडतूस हातातून निसटलं आणि घरंगळत रस्त्यावर आलं. तो ओरडत होता, "आधी त्यांनी मारली! आधी त्यांनी मारली! तीन बार मारले!"

रामनाथनं देवेशला बगलेत धरून आपल्या सीटवर ओढलं, खाली वाकून गाडीला वळसा घातला आणि रक्तानं चिकट झालेल्या सीटवर बसून गाडी भिवंडीकडे पिटाळली. देवेशचा जबडा लोंबत होता. त्याच्या घशातून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. आणि दर खड्ड्याला, दर वळणाला रामनाथनं पाय उचलला की मागे ती गाडी ठो करून वाजायची. रस्त्यावरची माणसं बाजूला उड्या मारायची. आठ किलोमीटरांत ती किती वेळा वाजली कोण जाणे, पण प्रत्येक वेळी रामनाथच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा. ते वाजणं त्याच्याच हातचं होतं.

हॉस्पिटलच्या आवारात वॉर्डबॉयांनी देवेशला स्ट्रेचरवर घालून नेलं. रामनाथ गाडीपाशी एकटा उरला. नातलग यायचे होते, पोलीस यायचे होते. त्यानं बॉनेट उघडलं. रक्ताळलेल्या बोटांनी इंजिनच्या बाजूला एका बारीक नळीच्या जागी बसवलेला स्क्रू उपटला, लोंबणारी काळी रबरी नळी जागेवर दाबून बसवली, बॉनेट मिटलं आणि स्क्रू गटारात टाकला. एवढ्याला जेमतेम अर्धं मिनिट लागलं.

ती नळी काय होती ते सांगायला हवं.

गाडी चौऱ्याहत्तर सालची, अमेरिकेत विकायला बनवलेली. गणेशपुरीच्या आश्रमात आलेल्या कुणा परदेशी माणसानं ती बोटीनं आणली आणि परत जाताना तिथेच सोडली. तीस वर्षं ती एका गोठ्यात गवताखाली पडून होती. केसरीनाथच्या पोरानं, देवेशनं, ती दोन हजार पाच साली शोधून काढली. पूर्ण्याच्या आसपासची भातशेती गोदामांना गेल्यावर केसरीनाथचं घर पैशानं वर आलं होतं, आणि चोवीस वर्षांच्या देवेशला गावात कुणाकडे नाही अशी गाडी पाहिजे होती. रंग दिला, सीट शिवल्या, इंजिन उतरवून बांधलं. सगळं झालं, पण वेगात असताना पाय उचलला की गाडी बंदुकीसारखी वाजायची.

तीन मेकॅनिकांनी हात टेकले तेव्हा ती अंजूरफाट्याला रामनाथच्या गॅरेजमध्ये आली. कार्बोरेटर हा रामनाथचा विषय. पन्नाशी ओलांडलेला, बेताचं बोलणारा, पण बंद पडलेल्या इंजिनासमोर त्याचा चेहरा उजळायचा. त्यानं आधी नेहमीच्या गोष्टी पाहिल्या. प्लग, पॉइंट, टायमिंग, सायलेन्सरचे जोड. सगळं जागेवर. मग त्याचं लक्ष इंजिनच्या पुढे पट्ट्यावर फिरणाऱ्या एका छोट्या पंपाकडे गेलं. असला पंप त्यानं कुठल्याच गाडीत पाहिला नव्हता. "हे अमेरिकेचं लफडं काढून टाक," देवेश म्हणाला. रामनाथ म्हणाला, "थांब. कुणीतरी डोकं लावून बसवलंय."

दोन दिवस तो त्या नळ्यांच्या मागे फिरला. पंप इंजिनच्या तोंडाशी ताजी हवा सोडत होता, म्हणजे न जळलेलं पेट्रोल बाहेर पडता पडता जळून जावं, धूर कमी व्हावा. पण पाय अचानक उचलला की इंजिन एकदम जादा पेट्रोल ओढून घेतं. ते कच्चंच पुढे जातं, तिथे पंपाची हवा मिळते, आणि तापलेल्या पाइपात भडका उडतो. तसं होऊ नये म्हणून एक व्हॉल्व्ह होता. पाय उचलल्या क्षणी त्यानं पंपाची हवा घोटभर आत, पेट्रोलकडे वळवायची. त्या व्हॉल्व्हला इंजिनची ओढ कळावी म्हणून ती बारीक नळी. रामनाथनं नळी तोंडात धरून हवा ओढली, व्हॉल्व्ह हूं की चूं करेना. उघडून पाहतो तर आतला रबरी पडदा फाटलेला. फियाट टॅक्सीच्या पेट्रोल पंपाचा पडदा कापून त्यानं त्यात बसवला. गाडी मुकी झाली. त्या दिवशी रामनाथनं घरी दोनदा ती गोष्ट सांगितली.

चार दिवसांनी देवेश परत आला.

"मिस्त्री, आवाज परत आन."

"काय?"

"वाजली पायजे. पन मी बोलेन तवाच."

प्रितेश त्याचा चुलत भाऊ. आजोबांच्या खाडीकडच्या जमिनीच्या पट्टीवर प्रितेशनं फाटक घातलं होतं, आणि त्यावरून दोन्ही घरांत वर्षभर डोकी फुटत होती. आठवड्यापूर्वीच देवेशनं त्या फाटकावर विठूच्या कानाखाली वाजवली होती आणि चार माणसांदेखत सांगितलं होतं, "पुन्हा आलो तर पिस्तूल घेऊन येईन."

रामनाथला हे ठाऊक होतं. भिवंडीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. तो नाही म्हणाला, पण जोर लावून नाही म्हणाला. देवेश हसला, "जमत न्हाय वाटतं. मंग सुधारली कशी, नशिबानं?" तेवढं पुरलं. रामनाथनं नळी उपटली, तिच्या जागच्या भोकात स्क्रू मारला आणि म्हणाला, "बस. चल, मीही येतो. कुठल्या वेगाला किती वाजते बघू दे."

---

केसरीनाथ हॉस्पिटलात आला तो अनवाणी. शेतावरून तसाच उठला होता. उंच, रुंद हाडाचा, साठीला टेकलेला माणूस. काचेतून त्यानं मुलाचा चेहरा पाहिला. चेहरा म्हणायला उजवी बाजूच राहिली होती. मग तो रामनाथकडे वळला. मागे त्याची दहाबारा माणसं उभी होती.

"मिस्त्री. लोक बोलतात पाच बार झाले. प्रितेश सांगतंय, पयले तीन तुमचे गाडीतून झाले, देवेशकडं पिस्तूल व्हता. मना खरा सांग. पोराकडं पिस्तूल व्हता?"

"नाही, नाना. शपथेवर सांगतो. नव्हतं."

"मंग गाडी वाजली का? ती पयले वाजायची."

रामनाथच्या नखांत अजून देवेशचं रक्त होतं. त्याला वाटलं, आत्ता सांगितलं तर ही दहा माणसं मला इथेच, या फरशीवर संपवतील.

"नाही," तो म्हणाला. "गाडी ठीक होती. मीच नीट केली होती."

"म्हंजे पाची बार फाटकातून."

रामनाथ गप्प राहिला. गप्प राहणं म्हणजे हो. केसरीनाथनं मान हलवली. "ठरवून मारलाय माझे पोराला. एक बंदूक न्हाय, दोन-तीन व्हत्या. चल, माणूस दाखव."

त्याला जीपमध्ये मधोमध बसवलं. फाटकापाशी पोहोचेपर्यंत प्रितेश पळाला होता. माणसांनी वॉचमनची केबिन पेटवली, ऑफिसातली टेबलं बाहेर फेकली, एका कारकुनाला खुर्चीसकट उचलून आपटलं. सापडली ती एकच दुनळी, एका दमात दोनच बार करणारी, केबिनच्या मागे टाकलेली. दुसरी बंदूक कुठेच नव्हती. ती सापडली नाही तसा त्यांचा राग आणखी चढला.

विठू खाडीत सापडला. तिवरांच्या मुळांत कमरेपर्यंत चिखलात दडून बसला होता. त्याला केसाला धरून बाहेर ओढला. पन्नाशीचा काटकुळा माणूस, वज्रेश्वरीकडचा, अंगात खाकी शर्ट, एक चप्पल चिखलात राहिलेली.

"हाच का?" केसरीनाथनं विचारलं.

रामनाथनं मान हलवली.

विठूनं त्याला ओळखलं. त्याच्या डोळ्यांत एकदम आशा आली. "मिस्त्री! तुम्ही गाडीत होतात ना? तुम्ही ऐकलंत ना? तीन बार ऐकलेत ना? सांगा यांना! मी भिऊन मारली हो, देवाशपथ, मला वाटलं मलाच मारतायत..."

सगळे रामनाथकडे बघायला लागले.

रामनाथनं खाली पाहिलं. चिखलात एक खेकडा तिरका चालत होता.

लोखंडी रॉडचा पहिला घाव उजव्या नडगीवर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. विठू किंचाळला नाही. श्वास आत ओढून घेतला आणि तो आतच राहिला. दुसरा डाव्या नडगीवर. मग त्याला कंठ फुटला. खाडीच्या पलीकडे वाळू काढणाऱ्या होडीतल्या माणसांनी हातातली घमेली खाली ठेवली. केसरीनाथनं रॉड आपल्या हातात घेतला आणि उजव्या पायावर, मोडलेल्या जागीच, आणखी तीनदा मारला. एकही शब्द न बोलता, लाकूड फोडावं तसा. हाड कातडीबाहेर आलं. रामनाथ बाजूला जाऊन ओकला. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणालं, "होतं मिस्त्री, पहिल्यांदा बघितलं की होतं."

पोलिसांची गाडी आली तेव्हा विठू शुद्धीवर नव्हता, आणि कुणी मारलं ते सांगायला कुणी पुढे आलं नाही.

---

पुढचे दिवस रामनाथला केसरीनाथच्या घरून डबा येत होता. देवेशचा जीव वाचवणारा म्हणून. डबा बहुतेक तसाच परत जायचा. फौजदारानं जबाब घेतला तेव्हाही त्यानं तेच सांगितलं. गाडी ठीक होती. तिसऱ्या दिवशी फौजदारानं दुसरा मेकॅनिक आणून गाडी रस्त्यावर पळवून पाहिली. पंचवीस वेळा पाय उचलला, गाडी एकदाही वाजली नाही. व्हॉल्व्ह आपलं काम चोख करत होता. म्हणजे वाजल्या त्या बंदुकाच. विठूवर ठरवून खून करायचा प्रयत्न केल्याचं कलम लागलं, आणि दुसरी बंदूक कुणाची ते काढायला पोलीस त्याच्या खाटेशी बसू लागले.

पाचव्या दिवशी दुपारी एक बाई गॅरेजच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पदर घट्ट खोचलेला.

"मी ठमाबाई. विठू वॉचमनची बायको."

रामनाथच्या हातातला पाना तसाच राहिला.

"त्याचा उजवा पाय काल कापला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, रडका नव्हता. "गुडघ्याच्या वरून. शुद्ध आली की तो एकच बोलतो, तीन बार झाले. पोलीस त्याला बोलतात, खोटं बोलतोस, दुसरी बंदूक सांग. आता तो मनाच इचारतो. बोलतो, ठमे, मना येड लागलाय का? कानात काय झालाय का? म्हनून आले. तुमी गाडीत होतां. बार झाले का न्हाय, येवढाच सांगा. पोलिसांना सांगू नका. मना सांगा."

रस्त्यावरून कंटेनर जात होते, सगळं गॅरेज हादरत होतं.

"झाले," तो म्हणाला.

ठमाबाईनं त्याच्याकडे बघितलं. मग गॅरेजच्या दारात पडलेला टायर तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या अंगावर फेकला. तो त्याच्या छातीवर बसला. मग हाताला लागेल ते, नटांचा डबा, जॅकचं हँडल, प्लगचं खोकं. जॅकचं हँडल त्याच्या कपाळावर लागून डोळ्यात रक्त उतरलं. रामनाथनं हात वर केले नाहीत. फेकायला काही उरलं नाही तेव्हा ती पिशवी उचलून निघून गेली.

संध्याकाळी तो ठाण्याला गेला. देवेशला तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं. डोळा गेला होता, जबडा तारांनी बांधला होता. बोलणं नाही, उशाशी एक वही होती. त्याची आई हौसा कोपऱ्यात स्टुलावर बसली होती.

"देवेश," रामनाथ म्हणाला, "मी पोलिसांना खरं सांगणार आहे. नळी मी काढली होती, तूच सांगितलंस म्हणून. मग भ्यालो आणि परत लावली. तुझ्यावर ढकलत नाही. हात माझे होते. पण माझ्या एकट्यावर कोण विश्वास ठेवील? तू फक्त हो म्हण."

देवेशचा उरलेला डोळा त्याच्यावर खिळला. मग त्यानं वही ओढली, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं आणि रामनाथपुढे धरली.

'मी काही सांगितलं नव्हतं.'

रामनाथनं ते दोनदा वाचलं. हौसानंही वाकून वाचलं. मुलाच्या अंगावरची चादर सारखी केली आणि परत स्टुलावर जाऊन बसली.

---

फौजदारानं आधी रामनाथला शिव्या घातल्या, मग दोन तास बसवून नवा जबाब लिहून घेतला. "कागदावर काय कुणीही सांगेल," तो म्हणाला. "उद्या त्याच जागी, सगळ्यांसमोर वाजवून दाखव. नाही वाजली तर तुला आत घालतो. वाजली तरी घालायचंच आहे."

सकाळी अकराला फाटकासमोर गर्दी जमली. रस्त्याच्या एका बाजूला प्रितेशची माणसं, दुसऱ्या बाजूला केसरीनाथची, मध्ये आठ पोलीस काठ्या घेऊन. प्रितेशही आला होता, वकिलाला घेऊन. जळक्या केबिनचा वास अजून गेला नव्हता.

रामनाथनं बॉनेट उघडलं. फौजदाराला वाकून बघायला लावलं. "ही नळी. आता काढतो. हिच्या जागी स्क्रू लावतो. बाकी कशाला हात लावत नाही." मग तो गाडीत बसला. सीटवरचं रक्त वाळून काळं झालं होतं. दूरवर जाऊन त्यानं गाडी वळवली, इंजिन तापू दिलं, तिसऱ्या गिअरमध्ये ताणून फाटकापाशी आणली आणि पाय उचलला.

ठो. ठो. आणि तिसरा.

काय होणार हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी प्रितेश वकिलाच्या मागे खाली बसला. दोघं पोलीस वाकले. केसरीनाथच्या एका माणसाचा हात शर्टाखाली कमरेला गेला आणि चाकूचं पातं अर्धं बाहेर आलं. पोलिसाची काठी त्याच्या मनगटावर बसली, तो खाली पडला, त्याला वाचवायला दुसरा धावला, आणि बघता बघता रस्त्यावर दगड उडायला लागले. एका दगडानं प्रितेशच्या वकिलाचे दात पडले. फौजदारानं हवेत गोळी झाडली तेव्हा सगळे थांबले. कुठला आवाज बंदुकीचा आणि कुठला गाडीचा, ते त्या क्षणी कुणालाच सांगता आलं नसतं.

रामनाथनं गाडी परत आणली. इंजिन बंद करून नळी लावली. पुन्हा जाऊन आला. पाय उचलला. नुसता इंजिनचा गुरगुराट. एकही बार नाही.

तो गाडीतून उतरला तेव्हा केसरीनाथ समोर उभा होता. त्याच्या हातात आपल्या जीपमधला चाक खोलायचा पाना होता.

"तू केलास," तो म्हणाला. "आनि मना बोललास, गाडी ठीक हाय. तुझे बोलन्यावर मी त्या मानसाचा पाय..." तोंडातून शब्दाऐवजी एक घरघर निघाली आणि पाना खाली आला. रामनाथनं डोक्यावर उजवा हात आडवा धरला होता. मनगट मोडलं. दुसरा घाव बोटांवर बसला. रामनाथ गाडीच्या दारावर कोसळला. पोलीस धावेपर्यंत तिसऱ्यांदा पाना उचलला गेला होता, आणि तो थेट डोक्यावरच यायचा होता.

"मारू नको त्याला!"

हौसा गर्दीतून पुढे आली होती. ठाण्याहून पहाटेच निघून आली असावी. तिनं नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सगळं वजन टाकून लोंबकळली.

"सोड, हौसा!"

"याला एकल्याला कनाला मारतस? तुझे पोरानं सांगितला व्हता त्याला! आदल्या दिवशी घरी येऊन मना बोलला, आई, उद्या प्रितेशची चड्डी ओली करतंय बघ, गाडी वाजती करून घेतंय मिस्त्रीकडनं. जेवता जेवता बोलला. मी हसले. ऐकतस का? मी पन हसले!"

केसरीनाथचा पाना धरलेला हात खाली आला.

"काल वहीत खोटा लिवला त्यानं," हौसा म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. "माझे डोळ्यांसमोर. एक डोळा गेला तरी खोटा लिवला. मी गप बसले. रातभर बसले. मंग आले." ती फौजदाराकडे वळली. "साहेब, मी सांगते. लिवून घ्या. पोराचा नाव लिवा, माझा पन लिवा."

पाना केसरीनाथच्या हातातून पोलिसानं काढून घेतला. त्यानं विरोध केला नाही. विठूचे पाय मोडल्याचं त्यानं फौजदारादेखतच बोलून टाकलं होतं, त्याबद्दल त्याला तिथेच पोलिसांच्या जीपमध्ये बसवलं. जाताना त्यानं फाटकाकडे पाहिलं नाही, गाडीकडे पाहिलं नाही. रस्त्यावर उभ्या बायकोकडे मात्र वळून वळून बघत गेला, जणू ही कोण बाई ते त्याला आठवत नव्हतं.

---

खटला लांबत गेला. विठूवरचं ठरवून मारल्याचं कलम उतरलं, जामीन मिळाला. केसरीनाथ आठ महिने आत होता, आणि बाहेर आल्यावर फाटकाच्या भांडणाबद्दल बोलेनासा झाला. खोट्या जबाबाबद्दल रामनाथलाही कोर्टाची पायरी चढावी लागत होती. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळायची बंद झाली. गॅरेज चालू होतं, पण कार्बोरेटरचे बारीक जेट आता दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगावे लागत. देवेश त्याच्याकडे पुन्हा कधी आला नाही. रस्त्यात दिसला तर काळा चष्मा लावून पुढे जायचा. गाडी पोलीस ठाण्याच्या मागे जप्तीच्या रिक्षांमध्ये गंजत पडली.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात रामनाथ एसटीनं वज्रेश्वरीला गेला. विठूचं घर गावाबाहेर, कुडाचं. दारात ठमाबाई भात पाखडत होती. तिनं वर पाहिलं, ओळखलं, आणि सूप खाली ठेवलं नाही. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

विठू आत खाटेवर होता. कुबड्या भिंतीला टेकलेल्या. रामनाथ दारातच उभा राहिला. 

विठूच म्हणाला, "बसा."

रामनाथ जमिनीवर बसला. बाहेर सुपाचा आवाज येत होता.

"मिस्त्री," विठू म्हणाला, "एक सांगा. गाडी अशी वाजते कशी? कोर्टात वकील काय काय बोलले, माझ्या डोक्यात शिरला न्हाय."

मग रामनाथनं सांगितलं. पंप, हवा, कच्चं पेट्रोल, तापलेला पाइप. डाव्या हातानं जमिनीवर रेघा ओढून दाखवलं. व्हॉल्व्ह घोट कसा घेतो, तो नाही घेतला तर भडका कुठे उडतो, आणि तिसरा बार मोठा का होतो. विठू मध्येच थांबवून विचारायचा, रामनाथ पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. तास गेला असेल. कुणाला काही शिकवताना तो इतकं सावकाश कधी बोलला नव्हता.

विठूनं जमिनीवरच्या रेघा न्याहाळल्या.

"म्हंजे बंदुकीसारखाच आवाज."

"बंदुकीसारखाच."

"फरक करता आला नसता?"

"मलाही आला नसता. आणि ती वाजती मीच केली होती."

विठूनं डोकं भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले. त्याच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही. "वरीस झालं," तो म्हणाला, "मना वाटायचा, मीच भेकड. कायतरी भलताच ऐकला आनि पोराचा तोंड फोडला."

रामनाथला वाटलं, आता माफी मागावी. पण त्या माणसासमोर ती मागणं म्हणजे त्याच्याकडून आणखी काहीतरी घेणं होतं. तो तसाच बसून राहिला.

ठमाबाई आत आली. तिनं तांब्याभर पाणी त्याच्यापुढे ठेवलं, ठेवताना जरा आपटलंच. "भिवंडीची गाडी पाचला हाय," ती म्हणाली. "त्यानंतर न्हाय."

रामनाथ पाणी प्यायला. तांब्या धरताना त्याची बोटं वळली नाहीत, म्हणून त्यानं दोन्ही तळव्यांत धरून तो उचलला. ठमाबाई त्या हाताकडे बघत होती. तो उठून दाराबाहेर पडला तेव्हा ती पुन्हा भात पाखडायला बसली होती.